तारेवरचा पंक्तिप्रपंच

1987 साली मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-पत्रांची देवघेव सुरू झाली, तेव्हा कोणते पत्र आधी जावे याची फिकीर कोणी फारशी केली नसावी; कारण पत्र हा मुळातच सोशिक जिन्नस, चार मिनिटे उशिरा पोचले म्हणून त्यातला मजकूर नासत नाही. आवाजाचे तसे नाही. मुलुंडच्या घरातून परदेशातल्या लेकीशी बोलताना आपला शब्द साधारण 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत चिरला जाऊन धावत असतो, आणि शेजारच्या खोलीत नातवाने लग्नाची चित्रफीत क्लाउडवर चढवायला घेतली की ते चिमुकले तुकडे तिच्या अवजड गठ्ठ्यांमागे तिष्ठत राहतात. विलंब 150 मिलिसेकंदांच्या फार पलीकडे गेला की दोघे एकदम बोलतात, एकदम थांबतात, आणि ‘ऐकू येतंय का?’ एवढाच संवाद उरतो.

यावरचा तोडगा बोरिवलीकरांच्या परिचयाचा आहे. 5 मे 1992 रोजी चर्चगेट-बोरिवली महिला विशेष गाडी सुरू झाली ती एकेका स्त्रीची निकड तपासून नव्हे, तर एक वर्ग ठरवून. इंटरनेटच्या मानककर्त्यांनीही डिसेंबर 1998 मध्ये अशा प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे पुडक्याच्या, माथ्यावरील सहा बिटे वर्गाच्या शिक्क्यासाठी मुक्रर केली. 64 शिक्क्यांपैकी 46 क्रमांकाचा बहुधा आवाजाच्या वाट्याला येतो.

परंतु शिक्का मारण्याचा अखत्यार कोणाचा? शेकडो राउटरांवर, म्हणजे पुडकी पुढे धाडणाऱ्या यंत्रांवर, हाताने हुकूम लिहीत बसणारा तंत्रज्ञ आज ना उद्या चुकणारच. म्हणून ‘कचेरीच्या वेळात आवाजाला अग्रक्रम, बॅकअप रात्री’ असे धोरण एकाच दफ्तरी नोंदवावे, निर्णय तेथे व्हावा आणि वाटेवरच्या राउटरांनी केवळ अंमलबजावणी करावी, अशी तजवीज झाली. घाटकोपरचा सिग्नल तरी कोणती गाडी जलद आणि कोणती धीमी हे स्वतः कुठे ठरवतो? निर्णय आणि अंमल यांची ही फारकत जानेवारी 2000 च्या तांत्रिक दस्तऐवजांत नमूद आहे.

हुकमाने रूळ मात्र वाढत नाहीत. एकाला पुढे सोडले की दुसरा मागे राहतोच. म्हणूनच 2018 साली केंद्र सरकारने मान्य केलेल्या नेट-समानतेच्या तत्त्वानुसार पुरवठादाराला वाजवी वाहतूक-नियमनाची मुभा असली, तरी मजकूर पाहून पंक्तिप्रपंच करण्याची नाही. घरच्या राउटरवर हुकूम आपलाच चालतो. पुष्कळ राउटरांच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’ (सेवेचा दर्जा) नावाचा अग्रक्रम ठरवण्याचा रकाना असतो, तो एकदा उघडून पाहावा.