फक्त १० पौंडांत विकलं गेलेलं मध्ययुगीन घर : 'ओपन डे'ला आत जाऊन नेमकं काय पाहायचं?

१८९६ साली इंग्लंडमध्ये एक घर फक्त १० पौंडांना विकलं गेलं. आज तेच घर बघायला लोक तिकीट काढून येतात. ससेक्समधल्या आल्फ्रिस्टन गावातलं हे 'क्लर्जी हाऊस'. बांधकाम १४व्या शतकातलं, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या दोनशेहून जास्त वर्षं आधीचं!

इतकं स्वस्त कसं?

१९व्या शतकाच्या अखेरीस घराची पार दुरवस्था झाली होती. ते पाडायचं घाटत होतं. गावच्या धर्मगुरूंनी मात्र ते वाचवण्यासाठी धडपड केली. शेवटी १८९५ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल ट्रस्ट'ने ते विकत घेतलं. या संस्थेने घेतलेली ही पहिलीच इमारत. किंमत १० पौंड असली, तरी दुरुस्तीचा खर्च त्याच्या कितीतरी पट होता.

आत गेल्यावर काय बघायचं?

आधी वर बघा. मधल्या मोठ्या दालनावर माळा नाही, थेट छपराची लाकडं दिसतात. कारण तेव्हा अशा घरांना धुराडं नसायचं. दालनाच्या मधोमध जमिनीवरच आग पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. माळा घातला असता तर धूर घरातच कोंडला असता. म्हणूनच अशा जुन्या घरांच्या वाशांवर काजळी सापडली, की तिथे पूर्वी उघडं दालन होतं हे अभ्यासक ओळखतात.

आता खाली बघा. खडूच्या दगडाचे तुकडे आणि आंबट दूध एकत्र करून, ठोकून ही जमीन घट्ट केली आहे. हा भागच खडूच्या टेकड्यांचा. आपल्याकडे शेणाने जमीन सारवतात, तशीच ही युक्ती : हाताशी जे आहे त्यातूनच घर उभं करायचं.

मग रोज का उघडत नाहीत?

युरोपातल्या अनेक जुन्या घरांत आजही माणसं राहतात. जुनं लाकूड आणि जमीन रोजची गर्दी सोसत नाही, ते वेगळंच. म्हणून अशी घरं ठरावीक दिवशीच उघडतात. १९८४ मध्ये फ्रान्सने वर्षातून एकदा वास्तू सगळ्यांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. पुढे ही कल्पना युरोपभर पसरली. इंग्लंडमध्ये दर सप्टेंबरला 'हेरिटेज ओपन डेज' असतात. एरवी बंद असलेल्या कितीतरी जागा तेव्हा मोफत बघता येतात.

जाण्याआधी हे लक्षात ठेवा

तारीख आणि वेळ आधी तपासा. टोकदार टाचांच्या चपला टाळा, जमिनीला खड्डे पडतात. दारं बुटकी असतात, डोकं सांभाळा. आणि बाहेर पडताना जमलं तर दानपेटीत काहीतरी टाका. गवताने शाकारलेलं छप्पर काही दशकांनी बदलावंच लागतं. १० पौंडांत घर मिळालं होतं खरं, पण ते उभं ठेवण्याचा खर्च आजही चालूच आहे.