भाड्यात काय काय येतं?
आलिशान जहाजांची तुलना मी भाड्यावरून करत नाही. भाड्यात काय येतं, ते आधी पाहतो. रीजंट सेव्हन सीजमध्ये पेयं, बक्षिसी आणि बंदरावरच्या अनेक सहलीही धरलेल्या असतात. सीबोर्नमध्ये पेयं, बक्षिसी येतात. सहलींचे पैसे वेगळे. सिल्व्हरसीत प्रत्येक स्वीटला बटलर मिळतो. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, म्हणजे नातवंडं घरीच.

ऐसपैसपणाही मोजता येतो. जहाजाचं ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप. त्याला प्रवासीसंख्येनं भागा. ‘सेव्हन सीज एक्सप्लोरर’ (२०१६) : सुमारे ५५ हजार भागिले ७५०, उत्तर ७३. ‘आयकॉन ऑफ द सीज’ (२०२४) : सुमारे अडीच लाख भागिले ५,६००, उत्तर ४४. आकडा मोठा, तितकी दाटी कमी. निवृत्तीची पुंजी एकदाच खर्चायची असेल, तर श्रोतेहो, हा हिशेब आधी मांडाच.