पुन्हा तेच गाणं (भाग ७) : आशाताई, पंचम आणि चार परदेशी वादक

डोलवी-वडखळ पट्ट्यात हळदीच्या रात्री बेंजो पार्टीने ‘मेहबूबा मेहबूबा’ धरलं की गायकाची आठवण कोणाला येत नाही. ‘शोले’साठी हे गाणं संगीतकार राहुलदेव बर्मन, म्हणजे पंचम, स्वतः गायले होते. तो घोगरा, ओरबाडणारा आवाज काढून टाकला तरी गाणं उभं राहतं. नाचणाऱ्यांना हे कधीच कळलंय. समीक्षकांना जरा उशीर लागला.

२००५ साली हेच गाणं गायकाविना वाजवलं क्रोनॉस क्वार्टेटने. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो असा हा सान फ्रान्सिस्कोचा वाद्यमेळ. त्यांच्या ‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’ या अल्बममध्ये बारा गाणी आहेत, सगळी पंचमची. बहुतेक आशा भोसले यांनी गायलेली, झाकिर हुसेन तबल्यावर आणि वू मान पिपा या चिनी तंतुवाद्यावर. पुढे ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. पंचमच्या गाण्यांशी क्रोनॉसची ही मैत्री अचानक जुळलेली नव्हती. २०००च्या ‘कॅरव्हान’ या अल्बममध्ये क्रोनॉसने ‘अनामिका’तलं ‘आज की रात’ आधीच वाजवलं होतं.

या मालेत आपण दुसऱ्याचं गाणं आपल्या गळ्यातून गाणारे कलाकार पाहतोय. इथे गळा तोच आहे. ‘दम मारो दम’ आणि ‘पिया तू अब तो आजा’ १९७१ची. चौतीस वर्षांनी, सत्तरी ओलांडल्यावर आशाताई स्वतःच्याच तरुण आवाजाशी सामना करायला उभ्या राहिल्या. ‘पिया तू’मध्ये तो सामना अवघड जातो, हे प्रामाणिकपणे म्हणायला हवं. ते गाणं श्वासाचं होतं, आणि पंचमच्या ‘मोनिका’ या हाकेचंही. ‘मेरा कुछ सामान’ मात्र वयाबरोबर पिकलंय. ‘इजाजत’मधल्या गुलजारांच्या त्या मुक्त ओळींना गाण्यापेक्षा बोलणं जास्त मानवतं, आणि खाली उतरलेला आवाज इथे कामी येतो.

पण मला या अल्बमचं मोठं काम वेगळंच वाटतं. आपल्याकडे गाणं म्हणजे गायक आणि चाल. मधले वाद्यांचे तुकडे रेडिओवर निवेदक खुशाल बोलून बुजवतात. पंचमकडे बासुदेव चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि आपले मारुतराव कीर ही सहायकांची त्रयी होती. त्या सगळ्या ताफ्याच्या हातांतून घडलेला साज क्रोनॉसने एखाद्या बंदिशीइतका गंभीरपणे घेतला, थर थर चढवत पुन्हा बांधला. ‘यादों की बारात’मधल्या ‘चुरा लिया’ची सुरुवात आठवा : काचेचा किणकिणाट आणि भूपिंदर सिंग यांची गिटार. त्या किणकिणाटाशिवाय हे गाणं आपल्याला ओळखू तरी येईल का?

(जाता जाता : अल्बमचं नाव याच गाण्यावरून आलं, आणि या गाण्याच्या मुखड्याची चाल १९६९च्या एका अमेरिकी विनोदी चित्रपटाच्या शीर्षकगीतावरून उचललेली. चोरीचा माल असा पस्तीसेक वर्षांनी वाजतगाजत घरी परतला.)

ऐकायचंच असेल तर आधी गायकाविना असलेले तुकडे ऐका, मग आशाताईंचे. पुढच्या आठवड्यात लतादीदींचं १९९२चं ‘श्रद्धांजली’; तिथे सैगल, मुकेश, किशोरकुमार यांची गाणी बाईच्या पट्टीत आली आणि भांडण वेगळंच झालं.