मागच्या पायांचा पत्ता

कुत्र्याला आपले मागचे पाय नेमके कुठे आहेत याची फारशी खबर नसते. खोटं वाटतंय? घरात कुत्रा असेल तर एक शिडी जमिनीवर आडवी टाका आणि खाऊ दाखवत त्याला तिच्यावरून चालवा. पुढचे पाय बघून, जपून, दोन दांड्यांच्या मधे पडतील. मागचे मात्र ठेचकाळत, अडखळत कसेबसे येतील. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. पुढचे पाय डोळ्यांसमोर असतात, मागचे आपले पाठोपाठ येतात. रोजच्या आयुष्यात त्यांची चौकशी करायची वेळच येत नाही.

आता हाच प्राणी सव्वा मीटर उंचीवरच्या, जेमतेम 30 सेंटीमीटर रुंद फळीवरून भरधाव पळताना पाहा. फळीवरून उतरला की बोगद्यात, बोगद्यातून निघाला की उडी, उडी संपते न संपते तोच काटकोनात वळण. वीसेक अडथळे, तीस-चाळीस सेकंद. शेजारून त्याचा माणूस धावतोय, पण हातात दोरी नाही, खाऊ नाही, कुत्र्याला हात लावायची परवानगी नाही. शिवाय अडथळ्यांची मांडणी दर वेळी नवी! माणसाला आधी काही मिनिटं रिकाम्या रिंगणात फिरून ती पाठ करू देतात. कुत्र्याला तेवढीही सवलत नाही. मग पुढे कुठे वळायचं हे त्याला कळतं कसं?

या खेळाचं नाव डॉग अ‍ॅजिलिटी, आणि तो जन्माला आला तो रिकामा वेळ भरून काढायला. 1978 साली लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात ‘क्रफ्ट्स’ हे कुत्र्यांचं नामांकित प्रदर्शन भरलं होतं. मुख्य रिंगणात दोन कार्यक्रमांच्या मधे मोकळा वेळ होता आणि तेवढ्यात प्रेक्षक कंटाळायला नकोत. समितीतल्या जॉन व्हार्ली यांना घोड्यांच्या अडथळा-शर्यती आठवल्या. तेच कुत्र्यांना घेऊन केलं तर? त्यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाला गाठलं, अडथळे उभे राहिले, आणि दोन संघांची कुत्री रिंगणात उतरली. लोकांना खेळ इतका आवडला की दोनच वर्षांत, 1980 मध्ये, ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला अधिकृत मान्यता देऊन टाकली. 1996 पासून त्याचं जागतिक अजिंक्यपदही आहे. आज ब्रिटनमध्ये गावोगावी अ‍ॅजिलिटीचे क्लब आहेत: कुठे भाड्याने घेतलेलं कुरण, कुठे घोडेस्वारीच्या शाळेतलं वाळूचं मैदान, आणि कामावरून सुटून कुत्र्यासकट हजर झालेली माणसं.

तर प्रश्न होता, कुत्र्याला कळतं कसं?

2002 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रायन हेअर आणि सहकाऱ्यांचं एक संशोधन आलं. प्रयोग अगदी साधा. दोन भांडी उपडी ठेवायची, एकाखाली खाऊ लपवायचा, आणि माणसाने नुसता इशारा करायचा. चिंपांझी, म्हणजे आपला सख्खा चुलतभाऊ, इथे गडबडला. कुत्र्यांनी मात्र इशारा ओळखला आणि बरोबर भांडं गाठलं. एवढंच काय, माणसांचा फारसा सहवास न मिळालेली पिल्लंही यात हुशार निघाली! हजारो वर्षं आपल्या चुलीभोवती राहून या प्राण्याने काय मिळवलं असेल, तर आपलं अंग वाचायची विद्या.

अ‍ॅजिलिटी उभी आहे ती या विद्येवर. धावता धावता माणसाचे खांदे, कंबर आणि पायांचे चवडे जिकडे वळतात, तिकडे कुत्रा वळतो. खो-खो खेळलेल्यांना हे पटकन समजेल. पाठलाग करणाऱ्याने दिशा घेतली की नाही, हे पंच त्याच्या खांद्यांवरून ठरवतो. खांदा काटकोनापलीकडे मागे फिरला की फाऊल. कुत्रा हा तसाच कडक पंच आहे. तुम्ही तोंडाने “बोगदा, बोगदा!” ओरडताय आणि खांदे उडीकडे वळलेत? कुत्रा उडी मारणार. आणि क्लबात नवीन आलेला माणूस ठामपणे म्हणणार, की माझा ऐकतच नाही. खरं तर त्याने अगदी तंतोतंत ऐकलेलं असतं!

म्हणून नव्या वर्गात कुत्र्याइतकंच माणसालाही शिकवतात. अनेकदा कुत्र्याशिवाय! एकटीच मंडळी मैदानात धावतायत, काल्पनिक कुत्र्याला हात दाखवतायत, त्याच्या पुढून वळून बाजू बदलतायत. बाहेरून बघणाऱ्याला हा वेड्यांचा बाजार वाटावा. पण कुत्र्याच्या पुढून बाजू बदलायची की मागून, आणि नेमकी कोणत्या क्षणी, यावर सगळी धाव ठरते. कुत्रा हवेत असतानाच पुढची दिशा सांगावी लागते. तो जमिनीला टेकल्यावर सांगितलं तर उशीर झालेला असतो. चार पायांच्या वेगाला दोन पायांनी गाठणं शक्य नाही, त्यामुळे माणसाला पळण्यापेक्षा आधी विचार करावा लागतो. पन्नाशी-साठी उलटलेली माणसं या खेळात मजेत टिकून राहतात, ती यामुळेच.

या सगळ्या अडथळ्यांतला माझा लाडका म्हणजे वीव्ह पोल. एका रांगेत 12 उभ्या दांड्या, दोन दांड्यांत साधारण 60 सेंटीमीटर अंतर, आणि कुत्र्याने त्यांच्यामधून नागमोडी जायचं. साडेसहा मीटरची ही वाट निष्णात कुत्री दोन-तीन सेकंदांत उडवतात. मोठी कुत्री एकेक पंजा टाकत पोहल्यासारखी झुलत जातात, छोटी पुढचे दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारतात. नियम असा की कुठल्याही कोनातून आलात तरी पहिली दांडी कुत्र्याच्या डाव्या खांद्याला राहिली पाहिजे.

बोगद्यात शिरणं, उडी मारणं हे निसर्गाने कुत्र्याला दिलेलं आहे. पण रानात कुठला कुत्रा बारा झाडांमधून विनाकारण नागमोडी पळतो? हे कसं शिकवायचं? एक पद्धत तर जादूच आहे. दांड्या सुरुवातीला एका रेषेत लावतच नाहीत. एक आड एक अशा डावी-उजवीकडे सरकवून मधे सरळ गल्ली ठेवतात. कुत्रा गल्लीतून बाणासारखा पळतो, टोकाला त्याचा चेंडू असतो. मग गल्ली थोडी अरुंद करायची. काही दिवसांनी आणखी थोडी. कुत्र्याच्या लेखी तो अजून सरळच पळतोय, फक्त कंबर जराशी वळवावी लागतेय. होता होता गल्ली नाहीशी होते, दांड्या एका रेषेत येतात, आणि कुत्रा नागमोडी पळत असतो. तो हे कधी शिकला? त्यालाही सांगता येणार नाही!

आणि आता मागच्या पायांकडे. उंच फळी, सी-सॉ आणि छपरासारखी उभी ए-फ्रेम, या तिन्हींच्या टोकांना वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, बहुधा पिवळा. उतरताना कुत्र्याचा निदान एक पंजा त्या पट्ट्यात पडलाच पाहिजे, नाहीतर पाच दोष. कारण उघड आहे: वरूनच उडी टाकली तर खांदे आणि मनगटं कामातून जातील. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, पिवळा आणि निळा मात्र छान दिसतो. म्हणजे पट्टा पाहून तो थांबतो? छे. पट्टा मुख्यतः परीक्षकासाठी. कुत्र्याला शिकवतात ती एक बसकण: मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर, आणि तिथेच थांब. मागचे पाय फळीवर आहेत हे कळायला मागचे पाय आहेत हे आधी कळायला हवं! म्हणून ती जमिनीवरची शिडी, म्हणून उलटं चालत पाटावर चढायचे धडे. काही कसबी मंडळी कुत्र्याला न थांबवता, धावतीच पावलं पट्ट्यात पाडायला शिकवतात. स्लोव्हेनियाच्या सिल्विया तरकमान यांचं नाव त्यासाठी आदराने घेतलं जातं.

सी-सॉची तऱ्हा निराळी. पायाखालची जमीन अचानक खाली जाते आणि वर धाडकन आवाज. कुठल्या शहाण्या प्राण्याला हे आवडेल? म्हणून आधी आवाजाशी दोस्ती. फळीचं टोक जमिनीपासून बोटभर उंच धरायचं, कुत्र्याने पंजा मारून ते आपटायचं आणि खाऊ मिळवायचा. चार दिवसांत कुत्रा हौसेने फळ्या आपटत सुटतो.

यात दटावणं, ओढणं कुठेच नाही. ही शिकवण आली कुठून, तर काही अंशी डॉल्फिनकडून! 1960च्या दशकात हवाईत केरन प्रायर डॉल्फिनना शिकवत होत्या. पोहणाऱ्या डॉल्फिनला दोरी बांधणार कशी? शिट्टी वाजली म्हणजे ‘आत्ता केलंस ते बरोबर, मासा येतोय’. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगशाळेतून निघालेलं हे तत्त्व तलावात रुळलं आणि पुढे प्रायर यांनी कुत्र्यांच्या जगातही ते लोकप्रिय केलं. क्लबात मुठीत टकटक वाजणारी छोटी डबी दिसेल, ती क्लिकर. खाऊ खिशातून काढेपर्यंत दोन सेकंद जातात आणि तोवर कुत्रा दुसरंच काही करत असतो. टक् मात्र बरोबर त्या क्षणावर बोट ठेवतं.

तुमचे नातेवाईक ब्रिटनमध्ये असतील आणि त्यांच्या दारी कुत्रा असेल तर सांगून ठेवा: केनेल क्लबकडे नोंदलेल्या क्लबांची यादी मिळते, आणि आधी कुत्रा घरी ठेवून एक वर्ग नुसता पाहून यावा. नवशिक्यांच्या वर्गात उडीच्या आडव्या दांड्या कमरेएवढ्या उंच दिसल्या तर सरळ दुसरा क्लब शोधा. पिल्लांच्या हाडांची टोकं मऊ कूर्चेची असतात. ती वर्षभराने, मोठ्या जातींत दीड वर्षाच्या आसपास भरतात. तोवर उड्या नाहीत, दांडी जमिनीवरच. स्पर्धेत उतरायचं वयही 18 महिने पूर्ण. सुरू करण्याआधी डॉक्टरकडून सांधे आणि वजन तपासून घ्यावं. बरोबर काय न्यायचं? खूप सारा बारीक चिरलेला खाऊ, ओढाताणीचं खेळणं, पाणी. आणि हाक मारल्यावर येणारा कुत्रा. हे शेवटचं सामान सगळ्यांत दुर्मिळ!

जात कुठलीही चालते. मेंढपाळाचे इशारे दुरून टिपणारा बॉर्डर कोली इथला राजा आहे खरा, पण उड्यांची उंची कुत्र्याच्या उंचीप्रमाणे 30 पासून 60 सेंटीमीटरपर्यंत ठरते, त्यामुळे चिमुकल्यांची लढत चिमुकल्यांशी. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनातली अ‍ॅजिलिटी 2024 मध्ये निंबल नावाच्या कुत्रीने जिंकली. ती अर्धी बॉर्डर कोली आणि अर्धी पॅपिलॉन, म्हणजे आपल्या भाषेत चक्क मिश्र! तिथे असा मान मिळवणारी पहिलीच मिश्र कुत्री.

ब्रिटनमध्ये स्पर्धेच्या सात श्रेण्या आहेत आणि नवखा माणूस पहिलीपासून चढतो. पण पहिल्या स्पर्धेला स्वयंसेवक म्हणून जाणं जास्त शहाणपणाचं. पडलेल्या दांड्या उचलायला आयोजकांना माणसं नेहमीच कमी पडतात, ते तुम्हाला आनंदाने रिंगणात उभं करतील, आणि सातव्या श्रेणीचा कुत्रा तुमच्यापासून हातभर अंतरावरून जाईल. जाताना त्याचे मागचे पाय कुठे पडतात तेवढं बघा.