तोफेच्या कानावरचा अंगठा

१४ एप्रिल १८६१. अमेरिकेतल्या चार्ल्सटन बंदरातला फोर्ट समटर हा किल्ला सोडून मेजर रॉबर्ट अँडरसन यांची तुकडी निघाली होती. सुमारे ३४ तास किल्ल्यावर गोळे कोसळले होते, पण त्या भडिमारात आतला एकही सैनिक दगावला नव्हता. आता निशाण उतरवताना शंभर तोफांची सलामी तेवढी उरली होती. ती चालू असताना डॅनियल हफ हा सैनिक तोफ ठासत होता, आणि कुणी बत्ती दिली नसताना तोफ उडाली. अमेरिकी यादवी युद्धातला पहिला सैनिकी बळी त्याचाच मानतात. शेजारी रचलेली काडतुसंही पेटली. सलामी पन्नासवर थांबवावी लागली.

बत्ती नाही, मग अशा वेळी आग येते कुठून?

ती आधीच्या बारातून मागे राहिलेली असते. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. जळल्यावर ती सगळी वायू होऊन जात असेल असं वाटतं. प्रत्यक्षात वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपच उरतो. त्यातला काही दाट पांढऱ्या धुरातून बाहेर पडतो, बाकीचा नळीला काजळीसारखा चिकटतो. त्या थरात दारूच्या थैलीच्या कापडाचा एखादा तुकडा धुमसत राहिला, की नव्या दारूला तेवढं पुरतं. सोऱ्यातच प्राणवायू असल्यामुळे ती बंद नळीतही भडकते.

म्हणून प्रत्येक बारानंतर दांड्याला लावलेला ओला बोळा तळापर्यंत फिरवायचा. आणि इथेच मला या सगळ्या कवायतीतली सर्वांत विलक्षण गोष्ट दिसते. बोळा आतबाहेर होत असताना आणि नंतर दारू ठासतानाही, तोफेच्या मागच्या टोकाला उभा असलेला एक माणूस चामड्याची टोपी चढवलेला अंगठा तोफेच्या कानावर, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्रावर, घट्ट दाबून धरतो. कान उघडा राहिला तर दट्ट्यासारखा सरकणारा बोळा नळीतली हवा त्या छिद्रातून वाहती करतो, आणि फुंकणीने चूल पेटावी तसा निखारा फुलतो. कान बंद असेल तर झोत थांबतो. लोखंड तापून अंगठा पोळत असला, तरी तो उचलायचा नसतो. तोंडाशी उभ्या असलेल्या सोबत्याचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो. तो सोबतीही नळीच्या समोर न येता बाजूलाच उभा राहतो.

ठासणीच्या बंदुकीलाही हाच धोका असतो. म्हणून दारू ठासायचा गज तळव्याने रेटायचा नसतो, बोटांच्या चिमटीत धरून थोडा थोडा खाली न्यायचा असतो. बार अवचित उडाला, तर गज बाणासारखा सुटतो. दारूही ती साठवलेल्या शिंगातून थेट नळीत ओतत नाहीत, आधी वेगळ्या मापात काढून घेतात. आत निखारा असला तर मापातली चिमूटभर दारू भडकते. थेट ओतताना ज्वाळा हातातल्या भरल्या शिंगात शिरते.