आडनाव एक, घरं वेगळी: डीएटी फाइल कशी ओळखायची?

आज आपण फाइलच्या नावाबद्दल बोलणार आहोत. विषय कॉम्प्युटरवाल्यांचा वाटेल. पण लग्नाची जुनी सीडी वाया जाणं, कार्यालयाचं पत्र न उघडणं आणि खात्यातले पैसे जाणं, या तिन्हींचा संबंध त्याच्याशी येतो.

फाइलच्या नावाच्या शेवटी एक टिंब असतं आणि त्यापुढे बहुधा तीन-चार अक्षरं. त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. आपण त्याला फाइलचं आडनाव म्हणू. पीडीएफ दिसलं की कागदपत्र, जेपीजी दिसलं की फोटो, एमपी-थ्री दिसलं की गाणं. हे आडनाव बघूनच कॉम्प्युटर ठरवतो की फाइल कोणत्या प्रोग्रामकडे द्यायची.

पण आपल्याकडे कुणी म्हणालं, ‘पाटलांकडे निरोप द्या’, तर आपण लगेच विचारतो, ‘कुठल्या पाटलांकडे?’ फाइलींमध्येही असं एक आडनाव आहे, डीएटी. ते ‘डेटा’ म्हणजे माहिती या शब्दावरून आलं. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. प्रोग्राम बनवणारा कुणीही ते आपल्या फाइलला लावू शकतो. म्हणून डीएटी फाइलवर क्लिक केलं की कॉम्प्युटर उलट आपल्यालाच विचारतो, ‘ही कशात उघडू?’ अशा वेळी आडनावावर न थांबता फाइल कुठून आली ते बघायचं.

पहिलं घर आहे जुन्या व्हिडिओ सीडीचं. लग्नाची, बारशाची अशी सीडी घरात असेल तर ती कॉम्प्युटरमध्ये घालून बघा. आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसेल आणि त्यात एव्हीएसईक्यू०१ अशा नावाची डीएटी फाइल. हे तुमच्या लग्नाचं चित्रण आहे. व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्रोग्राम ते चालवतो. फाइलवर उजवं बटण दाबा, ‘ओपन विथ’ घ्या आणि व्हीएलसी निवडा. एका व्हीसीडीत साधारण सव्वा तासाचं चित्रण मावतं. म्हणून मोठ्या लग्नाच्या दोन-तीन सीड्या असतात, त्या सगळ्या तपासा. सीडीवर चरे पडत जातात, तेव्हा फाइल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. कॉम्प्युटरला सीडीची खाच नसेल तर फोटो स्टुडिओत विचारा.

दुसरं घर ईमेलचं. कार्यालयातून मेल येतो, ‘पत्र सोबत जोडले आहे.’ पण पत्र दिसत नाही. दिसते ती ‘विनमेल’ नावाची डीएटी फाइल. पाठवणाऱ्याने आउटलूक या प्रोग्राममधून ‘रिच टेक्स्ट’ पद्धतीने मेल पाठवला की कधीकधी असं होतं. आपलं पत्र त्या फाइलच्या पोटात बांधलेलं असतं. इथे आपण खटपट करायची नाही. पाठवणाऱ्याला कळवायचं, ‘तुमचा मेल विनमेल होऊन आला आहे. तो एचटीएमएल किंवा प्लेन टेक्स्ट करून पुन्हा पाठवा.’ पत्रावर मुदत असेल तर त्याच दिवशी फोन करा.

तिसरं घर यंत्रांचं. अंगठा लावून हजेरी घेणारी काही यंत्रं महिन्याची नोंद डीएटी फाइलमध्ये देतात. ती साधी अक्षरं आणि आकडे असतात, नोटपॅडमध्ये वाचता येतात. नोटपॅडमध्ये उघडून बघणं ही एरवीही चांगली परीक्षा आहे. वाचता येईल असं काही दिसलं तर ठीक. नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसली तर ती फाइल दुसऱ्या घरची. काहीही सेव्ह न करता बंद करायची.

चौथं घर कॉम्प्युटरचं स्वतःचं. विंडोजमध्ये एनटीयूझर नावाची डीएटी फाइल असते, तिच्यात आपल्या कॉम्प्युटरची मांडणी साठवलेली असते. अशी फाइल दिसली तर उघडायची नाही आणि ‘जागा खाते’ म्हणून पुसायचीही नाही.

दोन गोष्टी मात्र टाळा. एक, टिंबापुढची अक्षरं खोडून पीडीएफ लिहिणं. डब्यावर ‘साखर’ लिहिल्याने मिठाची साखर होत नाही, तसंच नाव बदलल्याने आतला माल बदलत नाही. दुसरं, ‘कोणतीही फाइल उघडून देतो’ अशी जाहिरात करणारा अनोळखी प्रोग्राम उतरवून घेणं. त्यातून घातक प्रोग्राम आत शिरू शकतो.

आता पैशांची गोष्ट. एपीके हे आडनाव नीट लक्षात ठेवा. एपीके म्हणजे कागद नव्हे, फोटो नव्हे. ते अँड्रॉइड फोनवर बसणारं अ‍ॅप असतं. लग्नाची पत्रिका किंवा सरकारी योजनेची यादी म्हणून एपीके पाठवून फसवणूक केली जाते. ते बसवलं आणि मागितलेल्या परवानग्या दिल्या तर आपले मेसेज आणि ओटीपी चोराला दिसू शकतात. कधी नावात आधी पीडीएफ लिहून शेवटी एपीके लावलेलं असतं. खरं आडनाव शेवटच्या टिंबानंतरचंच. पत्रिकेला अ‍ॅप बसवावं लागत नाही. अशी फाइल ओळखीच्या नंबरावरून आली तरी आधी फोन करून विचारा, कारण त्यांचाच फोन चोराच्या ताब्यात असू शकतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर तक्रार करा आणि बँकेलाही कळवा.

विंडोज कॉम्प्युटर बऱ्याचदा ही आडनावं लपवून ठेवतो. फोल्डर उघडून ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू करा, म्हणजे ती दिसतील. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एक काम करून बघा. आणि न उघडणारी फाइल आली की पाठवणाऱ्याला हे तीन प्रश्न विचारा: ही कुणी बनवली, कशात बनवली आणि हिच्यात काय आहे? उत्तर मिळेपर्यंत फाइल तशीच राहू द्या. न उघडलेल्या फाइलने आपलं काही बिघडत नाही.