विश्लेषण : ‘टेन्शन घेऊ नको’ म्हटल्याने चिंता का जात नाही? थेरपी नेमके काय करते?

छातीत धडधडते, हातपाय गार पडतात, श्वास अपुरा पडतो. ईसीजी काढला तर नॉर्मल, रक्ताचे रिपोर्टही ठीक. मग ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. जळगाव, धुळे भागातील अनेकांची वाट इथेच खुंटते, कारण आजार सापडला नाही म्हणजे आजार नाही असा समज होतो. प्रत्यक्षात हा चिंताविकार असू शकतो आणि त्यावर गोळ्यांइतकीच अभ्यासलेली दुसरी उपचारपद्धती आहे, ती म्हणजे मानसोपचार किंवा थेरपी.

साधी चिंता आणि चिंताविकार यांत फरक काय?

केळीच्या बागेवर वादळाचे सावट असेल, कापसाला भाव नसेल किंवा मुलाचा ‘नीट’चा निकाल असेल, तर चिंता वाटणारच. ती आपल्याला तयारी करायला लावते. मात्र कारण सरले तरी चिंता सरत नसेल, महिनोन्महिने झोप उडत असेल, कामावर, प्रवासावर, माणसांत मिसळण्यावर परिणाम होत असेल, तर तो विकार समजावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ३० कोटी १० लाख लोकांना चिंताविकार होता. त्यांच्यातल्या साधारण चौघांपैकी एकालाच उपचार मिळतात. भारतात १२ राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचे दिसले.

चिंता टिकून का राहते?

समजा, एरंडोलहून जळगावला रोज बसने येणारी एक विद्यार्थिनी आहे. एके दिवशी गर्दीत तिला अचानक धडधडू लागले, ‘आता आपण मरणार’ असे वाटले. ती मध्येच उतरली आणि लगेच बरे वाटले. तिच्या मेंदूने धडा घेतला की बस धोकादायक आणि उतरलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी बसची आठवण आली तरी धडधड सुरू. मग ती भावाच्या दुचाकीवर येऊ लागली, नंतर कॉलेज बुडू लागले, शेवटी बाजारात जाणेही बंद झाले.

टाळले की क्षणभर सुटका होते, पण ‘टाळले नसते तरी काही झाले नसते’ हे कळण्याची संधी हुकते. म्हणून भीती वाढते आणि जग आक्रसत जाते. ‘टेन्शन घेऊ नको’ या सल्ल्याने हे चक्र तुटत नाही.

थेरपीत काय करतात?

चिंताविकारासाठी सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धत म्हणजे सीबीटी, अर्थात विचार आणि वर्तन यांवर एकत्र काम करणारी थेरपी. तिचा पाया अ‍ॅरन बेक आणि अल्बर्ट एलिस यांनी घातला. एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे.

यात तीन कामे मुख्य असतात.

• चक्र कागदावर मांडणे : काय घडले, मनात काय आले, शरीरात काय झाले, मी काय केले, याची नोंद ठेवणे.

• विचार तपासणे : ‘धडधडतेय म्हणजे हार्ट अटॅक’ याला पुरावा काय? जिना चढल्यावरही धडधडतेच ना?

• भीतीला पायरीपायरीने सामोरे जाणे : वरच्या उदाहरणात आधी नुसते स्टँडवर थांबणे, मग कुणाच्या सोबतीने पाळधीपर्यंत, मग एकटीने पाळधीपर्यंत, शेवटी जळगावपर्यंत. धडधड झाली तरी मध्येच उतरायचे नाही. पळ काढला नाही तरी भीतीची लाट ओसरते, हे शरीराला अनुभवानेच कळते.

सत्र साधारण पाऊण ते एक तासाचे, बहुधा आठवड्यातून एकदा असते. अनेकांना १२ ते १५ सत्रांत फरक जाणवतो. मात्र दोन सत्रांच्या मधला ‘गृहपाठ’ केला नाही, तर नुसत्या बोलण्याने फारसे साधत नाही.

गोळ्या की थेरपी?

हा वाद नाही. सौम्य त्रासात अनेकदा थेरपी पुरते. त्रास तीव्र असेल, सोबत नैराश्य असेल, तर दोन्ही लागू शकतात. औषधे डॉक्टरच देतात. नियमित घ्यायच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करू नयेत. झोपेच्या किंवा ‘शांत करणाऱ्या’ गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेणे धोक्याचे, त्यांची सवय लागते. थायरॉइड, रक्तक्षय, हृदयाचे आजार यांतही धडधड होते. त्यामुळे आधी शारीरिक तपासणी हवीच आणि छातीत दुखल्यास ते चिंतेवर ढकलू नये.

जळगाव, धुळ्यात कुठे जायचे?

जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. धुळ्यात चक्करबर्डी येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या ओपीडीत मनोविकार विभागाची चौकशी करावी. प्रवास शक्य नसेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

‘लोकांना कळेल’ ही भीती मोठी असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क आहे.

थेरपिस्ट कसा निवडावा?

शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोच नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. माझ्या त्रासासाठी कोणती पद्धत वापराल, साधारण किती सत्रे लागतील, फी किती, हे पहिल्याच भेटीत विचारावे. ‘मना जीव घाबरस’ हे अहिराणीतच नीट सांगता येत असेल, तर तसेच सांगावे. तिथे शब्द नव्हे, त्रास नेमका पोहोचणे महत्त्वाचे.

घरच्यांनी काय करावे?

प्रेमापोटी घरचे दोन गोष्टी करतात. एक तर चिडवतात किंवा दटावतात, नाही तर सगळीकडे सोबत जातात, तिच्या वाटची कामेही स्वतः करतात. पहिल्याने माणूस गप्प होतो, दुसऱ्याने टाळण्याला बळ मिळते. ‘तुला खरेच त्रास होतोय’ हे मान्य करावे आणि थेरपिस्टने ठरवलेली पुढची पायरी चढायला साथ द्यावी. सोबत कधी जायचे आणि कधी स्टँडवरूनच हात हलवून निरोप द्यायचा, हेही थेरपिस्टला विचारून ठरवता येते.